सहीविना चाललेली सत्ता

दिल्लीहून जुन्या रस्त्याने गुडगावात शिरले की मारुतीचा विस्तीर्ण कारखाना लागतो. राजधानी परिसरात नोकरीनिमित्त आलेल्या कित्येक मराठी अभियंत्यांची आणि तंत्रज्ञांची उपजीविका या कारखान्यावर, नाहीतर त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगांवर चालते. या जमिनीची पहिली फाइल मात्र आज कोणी उघडून पाहत नाही. ती पाहिली तर स्वतंत्र भारतातील हुकूमशाहीचा सर्वांत जवळून आलेला अनुभव कोठून सुरू झाला, हे कळते. रणगाडे, लष्करी गणवेश आणि रेडिओवरून पहाटे होणारी घोषणा ही हुकूमशाहीची सर्वपरिचित लक्षणे आहेत. पाकिस्तानात जुलै १९७७ मध्ये जनरल झिया-उल-हक यांनी आणि बांगलादेशात १९८२ मध्ये जनरल इर्शाद यांनी याच मार्गाने सत्ता घेतली. दिल्लीत १९७५ ते १९७७ या काळात जे घडले, त्यात सैन्य बराकीतच होते. संसद भरत होती, न्यायालये चालू होती आणि मंत्रालयांत फाइली फिरत होत्या. तरीही ज्याच्या शब्दावर राजधानी चालत होती, तो माणूस खासदार नव्हता, मंत्री नव्हता आणि सरकारी सेवकही नव्हता. त्याच्या सहीचा एकही शासकीय आदेश असण्याचे कारण नव्हते, कारण सही करण्याचा अधिकारच त्याच्याकडे नव्हता.

संजय गांधी यांना रूढ अर्थाने हुकूमशहा म्हणता येईल का, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला पडेल. आणीबाणीची घटनात्मक आणि राजकीय जबाबदारी पंतप्रधान इंदिरा गांधी यांचीच होती, आणि मुलाच्या नावावर ती ढकलणे हे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. तथापि आईची सत्ता निवडणुकीतून आली होती आणि निवडणुकीतच गेली. मुलाच्या सत्तेला असा कोणताही उगम नव्हता. म्हणूनच ती कशी उभी राहिली, हे तपासणे अधिक उद्बोधक ठरते.

मोटारीपासून सुरुवात

संजय गांधी यांचा जन्म १४ डिसेंबर १९४६ चा, दिल्लीतला. वडील फिरोज गांधी हे लोकसभेतील अत्यंत जागरूक सदस्य. मुंदडा प्रकरणात त्यांनी सासऱ्यांच्याच सरकारला सभागृहात धारेवर धरले आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना १९५८ मध्ये पद सोडावे लागले. संसदेच्या कामकाजाचे वृत्त छापणाऱ्या पत्रकारांना कायद्याचे संरक्षण मिळाले तेही १९५६ मध्ये फिरोज गांधींनी मांडलेल्या खासगी विधेयकामुळे. सप्टेंबर १९६० मध्ये ते गेले, तेव्हा संजय तेरा वर्षांचे होते.

शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. डून स्कूल झाले, दिल्लीतील शाळा झाली. पण पदवी झाली नाही. ओढ यंत्रांची होती. इंग्लंडमध्ये क्रू येथील रोल्स-रॉइसच्या कारखान्यात ते शिकाऊ उमेदवार म्हणून गेले आणि अभ्यासक्रम पुरा न करताच परतले. सर्वसामान्यांना परवडेल अशी संपूर्ण स्वदेशी छोटी मोटार आपण बनवू, असे त्यांनी जाहीर केले. सप्टेंबर १९७० मध्ये सरकारने त्यांना वर्षाला ५० हजार मोटारींसाठी इरादापत्र दिले. तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते. परवाना मिळवण्यासाठी उद्योगपतींना वर्षानुवर्षे उद्योगभवनाचे उंबरठे झिजवावे लागत, त्या काळातली ही गोष्ट आहे. हरयाणाचे मुख्यमंत्री बन्सीलाल यांनी गुडगावजवळ सुमारे ३०० एकर जमीन तत्परतेने उपलब्ध करून दिली. १९७१ मध्ये 'मारुती लिमिटेड' स्थापन झाली. विक्रेत्यांकडून अनामत रकमा गोळा झाल्या, राष्ट्रीयीकृत बँकांनी कर्जे दिली. मोटार मात्र बाजारात आली नाही.

या प्रकल्पाविषयी सावधगिरीचा सल्ला देणारे लोक पंतप्रधानांभोवती नव्हते असे नाही. त्यांचे प्रधान सचिव पी. एन. हक्सर यांना हा उद्योग पसंत नव्हता आणि पुढे ते पंतप्रधान कार्यालयातून दूर झाले. आणीबाणी लागल्यावर, जुलै १९७५ मध्ये, कॅनॉट प्लेसमधील 'पंडित ब्रदर्स' या त्यांच्या नातलगांच्या दुकानावर छापा पडला आणि वृद्ध चालकांना अटक झाली. हक्सर त्या वेळी योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते. ज्याच्या सल्ल्याने बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्या माणसाच्या घरच्यांची ही गत झालेली पाहून बाकीच्या सचिवांनी काय बोध घेतला असेल, हे वेगळे सांगायला नको.

एका प्रश्नाची किंमत

संसदेचे वृत्तांकन करणाऱ्याला या सगळ्या कहाणीतील एक प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो आणीबाणीच्या आधीचा आहे. मारुतीला परवाना देताना सरकारने अट घातली होती की यंत्रसामग्री परदेशातून आणता येणार नाही. १९७५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मार्क्सवादी सदस्य ज्योतिर्मय बसू यांनी याविषयी लोकसभेत प्रश्न विचारला. प्रश्न आला की संबंधित खाते माहिती गोळा करते, हा रोजचा शिरस्ता. तसे ते झाले. उद्योग आणि व्यापार या खात्यांच्या अखत्यारीतील चार अधिकाऱ्यांनी यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली. एवढाच त्यांचा अपराध. एप्रिल १९७५ मध्ये सीबीआय त्यांच्या मागे लागली. घरांच्या झडत्या झाल्या, गुन्हे नोंदले गेले, निलंबन झाले.

संसदेतील प्रश्नाचे उत्तर तयार करणे हे सरकारी नोकराचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य बजावल्याबद्दल चार कुटुंबांवर हे संकट आले, तेव्हा आणीबाणीची घोषणा व्हायला दोन महिने होते, वृत्तपत्रांवर नियंत्रण नव्हते आणि लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास रोज होत होता. आणीबाणीने दडपशाही जन्माला घातली असे आपण समजतो. या प्रकरणावरून दिसते ते असे की दडपशाहीचा सराव आधीच झाला होता. आणीबाणीने तिला फक्त कायद्याचे छत्र दिले.

हा विषय विस्मृतीत गेला नाही, याचे श्रेय एका मराठी माणसाला जाते. १६ नोव्हेंबर १९७७ रोजी मधू लिमये यांनी लोकसभेत विशेषाधिकारभंगाचा मुद्दा उपस्थित केला. सभागृहासाठी माहिती जमवणाऱ्या अधिकाऱ्यांचा छळ हा सभागृहाचाच अवमान होय, अशी त्यामागची भूमिका. विशेषाधिकार समितीने इंदिरा गांधी, त्यांचे सहायक आर. के. धवन आणि सीबीआयचे तत्कालीन संचालक डी. सेन यांना दोषी ठरवले. १९ डिसेंबर १९७८ रोजी इंदिराजींचे सदस्यत्व रद्द झाले आणि अधिवेशन संपेपर्यंत त्यांना तिहारमध्ये राहावे लागले. माजी पंतप्रधानांना तुरुंगात पाठवण्यामागे राजकीय सूड किती आणि सभागृहाची प्रतिष्ठा किती, यावर तेव्हाही मतभेद होते. सातव्या लोकसभेने ७ मे १९८१ रोजी तो निर्णयच रद्दबातल केला. चार अधिकाऱ्यांचा छळ मात्र नोंदीत कायम राहिला.

मंत्रिमंडळाला सकाळी कळले

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीतील निवड रद्द केली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. २५ जूनला रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली आणि त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी अंतर्गत आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. बहादूरशहा जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडली गेली. मंत्रिमंडळाला ही वार्ता कळली ती २६ जूनच्या सकाळी सहाच्या सुमारास, संमती देण्यापुरती.

त्या बैठकीत फारशी चर्चा झाली नाही. १९७१ पासून बाह्य आणीबाणी लागू असताना आणखी एका आणीबाणीचे प्रयोजन काय, अशी सौम्य शंका संरक्षणमंत्री स्वर्णसिंग यांनी काढली. त्या वर्षाच्या अखेरीस ते मंत्रिमंडळात नव्हते आणि संरक्षण खाते बन्सीलाल यांच्याकडे गेले होते. परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण त्या मंत्रिमंडळात होते. चीन युद्धानंतर हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री म्हणून महाराष्ट्राने ज्यांचे कौतुक केले, ते त्या सकाळी गप्प राहिले आणि पुढेही मंत्रिमंडळातच राहिले. त्यांच्या मौनाची कारणे त्यांचे चरित्रकार देतात आणि त्यांत तथ्यही असेल. पण ज्यांच्या शब्दाला वजन होते, अशा माणसांच्या मौनाचा उपयोग ज्याला शब्दाची किंमत नव्हती त्याला झाला, ही वस्तुस्थिती त्या कारणांनी बदलत नाही.

माहिती व नभोवाणी मंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी संजय यांचा अधिकार मानला नाही. काही दिवसांतच ते खाते त्यांच्याकडून जाऊन विद्याचरण शुक्ल यांच्याकडे आले. मंत्रिमंडळातील इतरांना हा संदेश पुरेसा होता.

संसदेचे काय झाले? २१ जुलै १९७५ पासून अधिवेशन भरले, पण प्रश्नोत्तराचा तास स्थगित करून. ३८ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीची घोषणा न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेली. ती ७ ऑगस्टला लोकसभेत, ८ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाली आणि राज्यांच्या विधानसभांची संमती घेऊन १० ऑगस्टला अमलातही आली. पंतप्रधानांच्या अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. एरवी एका साध्या विधेयकाला जो वेळ लागतो, तो पाहता या चार दिवसांचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर १९७५ मध्ये एका वटहुकमाने संसदेच्या वृत्तांकनाला संरक्षण देणारा १९५६ चा कायदा गेला. वडिलांनी सभागृहाला दिलेली देणगी मुलाच्या कारकिर्दीत काढून घेतली गेली; जनता सरकारने १९७७ मध्ये ती परत दिली.

लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. कायद्याने ती एक वर्ष वाढवण्यात आली. तुरुंगात असलेले मधू लिमये आणि शरद यादव यांनी मतदारांनी दिलेली पाच वर्षे संपली म्हणून सदस्यत्वाचे राजीनामे पाठवले. सहाव्या वर्षाचे वेतन, निवास आणि भत्ते नाकारणारे असे दोघेच निघाले, ही आपल्या संसदीय इतिहासातील फार बोलकी नोंद आहे.

तोंडी हुकमाचे राज्य

संजय गांधींचा अधिकार चालत होता तो नेमका कसा? युवक काँग्रेसमध्ये त्यांना डिसेंबर १९७५ मध्ये स्थान मिळाले. त्यांचा पाच कलमी कार्यक्रम वरवर पाहता निर्दोष होता : साक्षरता, कुटुंबनियोजन, वृक्षारोपण, हुंडाबंदी आणि जातिनिर्मूलन. यातील कोणत्या कलमाला कोण विरोध करील? पण कार्यक्रम पक्षाचा आणि अंमलबजावणी शासनाची, ही सांगड कोणत्याही नियमात बसणारी नव्हती. दिल्ली हा केंद्रशासित प्रदेश. नायब राज्यपाल किशनचंद, त्यांचे सचिव नवीन चावला, दिल्ली विकास प्राधिकरणाचे उपाध्यक्ष जगमोहन, पोलीस उपमहानिरीक्षक पी. एस. भिंडर यांच्यापर्यंत सूचना पोहोचत त्या पंतप्रधानांच्या सफदरजंग रोडवरील निवासस्थानातून. त्या तोंडी असत. तेथून खाली येताना त्यांचे रूपांतर आदेशात होई आणि त्यावर सही असे ती एखाद्या अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याची, अभियंत्याची किंवा शिक्षणाधिकाऱ्याची.

शहा आयोगापुढे आलेले एक प्रकरण याचा नमुना म्हणून पुरेसे आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या बहिष्काराच्या आंदोलनात संजय यांच्या पत्नी मेनका यांना वर्गात जाण्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न झाला. त्यानंतर पोलिसांनी विद्यापीठाच्या आवारातून एका विद्यार्थ्याला उचलले. ते भलत्याच विद्यार्थ्याला समजून. चूक लक्षात आली, पण सुटका झाली नाही. 'मिसा'खाली स्थानबद्धतेचा आदेश हवा होता. संबंधित दंडाधिकाऱ्याला कारण पटत नव्हते. तरीही वरून आलेल्या दबावाखाली त्याने सही केली. त्या विद्यार्थ्याची जवळपास वर्षभराची कोठडी त्या एका सहीवर उभी होती. देशभर 'मिसा'खाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली सुमारे ७५ हजार माणसे अशाच सह्यांनी आत गेली.

दिल्लीत आणीबाणीच्या काळात सुमारे दीड लाख बांधकामे पाडली गेली. विस्थापितांची संख्या काही लाखांत गेली. त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, नंदनगरी, जहांगीरपुरी, दक्षिणपुरी ही नावे आज आपण मेट्रोच्या किंवा बसच्या पाटीवर वाचतो. त्यांतील बहुतेक वस्त्या तेव्हा उठवलेल्या माणसांनी भरल्या. एप्रिल १९७६ मध्ये तुर्कमान गेट परिसरातील घरे पाडायला सुरुवात झाली आणि १९ एप्रिलला तेथे गोळीबार झाला. जवळच दुजाना हाउसमध्ये नसबंदीचे केंद्र उघडले होते. घर आणि देह या दोन्हींवर एकाच वेळी सरकारी हात पडला, तेव्हा लोक रस्त्यावर आले. मृतांचा सरकारी आकडा आणि त्या गल्ल्यांची आठवण यांचा मेळ आजतागायत बसलेला नाही.

नसबंदीचे आकडे मात्र सरकारी कागदांतच आहेत. १९७५-७६ मध्ये देशात सुमारे २६ लाख शस्त्रक्रिया झाल्या, १९७६-७७ मध्ये ८१ लाखांहून अधिक, म्हणजे ठरलेल्या लक्ष्याच्या जवळजवळ दुप्पट. शस्त्रक्रियांशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद शहा आयोगापुढे आली. शिक्षकांना 'केसेस' आणण्याचा कोटा दिला गेला. तो भरला नाही तर पगार अडत असे. पुनर्वसन वसाहतीतील भूखंडापासून सरकारी कर्जापर्यंत अनेक गोष्टींना नसबंदीचा दाखला जोडला गेला. लक्ष्य ठरवणाऱ्याने कोणावरही बळजबरी करा असे लिहून दिले नव्हते. तशी गरजही नव्हती. लक्ष्य वरून येते आणि बळजबरी खाली होते. मधल्या प्रत्येक पायरीवर एक अधिकारी असतो आणि त्याच्यापुढे गोपनीय अहवालाचा प्रश्न असतो.

महाराष्ट्रही मागे नव्हता

ही दिल्लीची आणि उत्तर प्रदेश-हरयाणाची कहाणी, आपला महाराष्ट्र त्यातून वाचला, असे आपल्याकडे बरेच जण समजतात. वस्तुस्थिती तशी नाही. फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतराव नाईक यांच्या जागी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत महाराष्ट्राने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात मंजूर केले. कायद्याने अशी सक्ती करू पाहणारे ते देशातील पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही, एवढेच. १९७६-७७ मध्ये राज्यात आठ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत तर १९७६ च्या आरंभीच बाजाराला आलेल्या माणसांना गाड्यांत घालून नेल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. महाराष्ट्राचे प्रशासन कार्यक्षम म्हणून ओळखले जाई. चुकीचा आदेश कार्यक्षमतेने राबवला गेला की अधिक माणसे भरडली जातात, हे त्यातून दिसले.

प्रतिकारही मराठी माणसांनी केला. संवादाचा आग्रह धरल्याबद्दल मोहन धारिया यांना मार्च १९७५ मध्येच मंत्रिपद गमवावे लागले होते आणि आणीबाणीत ते तुरुंगात गेले. संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेलेले मधू दंडवते तेथेच पकडले गेले. मृणाल गोरे भूमिगत राहून काम करत होत्या. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाशांच्या आरोग्यासाठी प्रार्थना केली, तीही यशवंतराव चव्हाणांच्या गावात. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

न्यायालयातील चित्रही असेच दुहेरी. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची दाद ऐकता येते, असे म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते नाकारले. बहुमतात न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते; विरोधी मत एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांचे, आणि त्याची किंमत म्हणून त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. त्याच चंद्रचूडांनी सरन्यायाधीश म्हणून मे १९७८ मध्ये 'किस्सा कुर्सी का' चित्रपटाच्या खटल्यात संजय गांधींचा जामीन महिनाभरासाठी रद्द केला, कारण साक्षीदारांवर दबाव येत होता. चित्रपटाच्या प्रती जाळल्या गेल्या त्या गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात, असा तो खटला. १९७६ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात पुसून टाकला. तो भाग लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे पुत्र.

पराभव, पुनरागमन आणि विसर

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या. मार्चमध्ये आई रायबरेलीतून आणि मुलगा अमेठीतून पराभूत झाला. दिल्लीतील सातही जागा काँग्रेसने गमावल्या. मे १९७७ मध्ये न्या. जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला आणि पतियाळा हाउसमध्ये सुनावण्या झाल्या. शपथ घेण्यास आई आणि मुलगा दोघांनीही नकार दिला. अधिकाऱ्यांची साक्ष मात्र रांगेने झाली, आणि 'आम्हाला सांगण्यात आले' हे बहुतेकांचे उत्तर होते. कोणी सांगितले, याचा लेखी पुरावा क्वचितच कोणाकडे होता. किशनचंद यांनी जुलै १९७८ मध्ये आत्महत्या केली. वरच्याचा शब्द झेलणारा माणूस शेवटी एकटाच उरतो, याचे याहून दुःखद उदाहरण नाही.

जनता पक्ष आपसात भांडून संपला. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या, संजय अमेठीतून मोठ्या मताधिक्याने निवडून आले. फेब्रुवारीत महाराष्ट्रातील शरद पवार सरकारसह नऊ राज्य सरकारे बरखास्त झाली. नव्या उमेदवारांत आणि मुख्यमंत्र्यांत संजय यांची निवड दिसत होती, महाराष्ट्रात बॅ. अंतुले यांचे नाव त्यांच्याच पसंतीचे मानले गेले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना चित्रपटाच्या खटल्यातून मुक्त केले, मेमध्ये ते पक्षाचे सरचिटणीस झाले. या वेळी त्यांच्याकडे मतदारांचा कौल होता. १९७५ मध्ये जे बेकायदा होते, ते १९८० मध्ये कायदेशीर मार्गाने त्यांच्या हाती येत होते. २३ जून १९८० रोजी सफदरजंग विमानतळाजवळ त्यांचे छोटे विमान कोसळले आणि ३३ व्या वर्षी ही कारकीर्द संपली. मारुतीचे राष्ट्रीयीकरण झाले, सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी, संजय यांच्या जन्मदिनी, पहिली मोटार ग्राहकाच्या हाती आली.

आयोगाने ज्यांच्यावर ताशेरे ओढले, त्यांचे पुढे काय झाले? जगमोहन राज्यपाल झाले आणि नंतर वाजपेयी सरकारात मंत्रीही. विद्याचरण शुक्ल चंद्रशेखर सरकारात परराष्ट्रमंत्री झाले. अधिकारपदाला अपात्र असे ज्यांच्याविषयी आयोगाने म्हटले होते, ते नवीन चावला २००९ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त झाले. नेमणाऱ्या पक्षांची यादी पाहिली तर त्यात काँग्रेस आहे, तिचे विरोधक आहेत आणि मधलेही आहेत. सरकारने २०२४ मध्ये २५ जून हा दिवस 'संविधान हत्या दिवस' म्हणून जाहीर केला. काँग्रेसला तो विषय निघालेला आवडत नाही. दोन्ही बाजूंना आणीबाणीचा राजकीय उपयोग कळतो. प्रशासकीय धडा घेण्याची निकड मात्र कोणालाच वाटलेली दिसत नाही.

तो धडा कागदाचा आहे. जनता सरकारने ४४ व्या घटनादुरुस्तीने अनेक बदल केले. 'अंतर्गत अशांतता' हे कारण जाऊन 'सशस्त्र उठाव' आला आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही निलंबित होणार नाही, असे ठरले. त्यातील एक तरतूद फारशी चर्चिली जात नाही : मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही. २६ जूनच्या त्या सकाळचे हे घटनेने दिलेले उत्तर आहे. अखिल भारतीय सेवांचे आचारनियमही सांगतात की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा आणि तोंडी असल्यास त्याला लेखी पुष्टी मिळावी. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात हेच पुन्हा बजावले : तोंडी आदेशावर काम करू नका, ते नोंदवा.

एखाद्या मंत्रालयात किंवा एखाद्या महामंडळात मराठी अधिकारी काम करतात, तेव्हा त्यांच्यापुढे आणीबाणी उभी नसते. उभा असतो एक फोन. 'साहेबांची इच्छा आहे' एवढेच त्यावर सांगितले जाते. साहेब कोण, हे कधी स्पष्ट असते, कधी नसते. 'कृपया लेखी कळवावे' असे उत्तर दिल्याने बदली होऊ शकते, मुलांची शाळा बदलू शकते, दिल्लीतले घर सोडावे लागू शकते. ही किंमत लहान नाही आणि ती घरातल्या सर्वांना मोजावी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९७५ च्या एप्रिलमध्ये त्या चौघांनी तर असे उत्तरही दिले नव्हते. त्यांनी फक्त आपले नेमून दिलेले काम केले होते. संसदेच्या ग्रंथालयात विशेषाधिकार समितीचा अहवाल आहे आणि त्यात त्यांच्या छळाची हकिकत तारीखवार दिलेली आहे. राजधानीत नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ती एकदा वाचावी. इतर सर्व जण आज्ञाधारक झाले असताना संसदेला खरे उत्तर देण्याची तयारी चार मेजांवर चालू होती, हे त्यातून कळते.